माजी सैनिकांच्या सन्मानफेरीत सहभागी होताना

दरवर्षी 14 जानेवारी हा दिवस देशभर सशस्त्र सेना माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा 1953 साली याच तारखेला सेवानिवृत्त झाले. त्यांच्या स्मरणार्थ 2016 पासून हा दिवस माजी सैनिकांच्या नावे साजरा होऊ लागला. मुंबईत या निमित्ताने मरीन ड्राइव्हवर निवृत्त सैनिकांचे संचलन होते, तर लष्करी छावण्यांच्या शहरांत मेळावे भरतात. छावणी नसलेल्या गावांत मात्र असा कार्यक्रम गावकऱ्यांनाच उभा करावा लागतो. प्रभातफेरी, तिरंगा यात्रा आणि नोकरी संपवून घरी परतणाऱ्या फौजीची गावच्या वेशीपासून निघणारी मिरवणूक हे तीन प्रकार तिथे ओळखीचे असतात. माजी सैनिकांची सन्मानफेरी या तिन्हींच्या जवळची असली तरी तिच्या गरजा वेगळ्या आहेत, कारण तिच्यात चालणाऱ्यांपैकी बरेच जण सत्तरी ओलांडलेले असतात.

मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यातले लोधीखेडा हे अशा फेरीचा विचार करायला चांगले उदाहरण आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि सरकारी कागदावर हिंदी, असा या भागाचा व्यवहार. लष्करी वातावरणही फार लांब नाही. नागपूरजवळच्या कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे, महार रेजिमेंटचे केंद्र सागरला, ग्रेनेडियर्सचे जबलपूरला, तर मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला. अशा भागातला एखादा निवृत्त हवालदार कोणत्या पलटणीत होता, हे शेजाऱ्यांनाही बहुधा नीट माहीत नसते. फेरीची तयारी म्हणूनच मंडप आणि बँडपासून नव्हे, तर यादीपासून सुरू करावी लागते.

यादी आणि ओळख

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे नोंदणी केलेल्या माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची माहिती असते. संयोजकांनी पहिली भेट तिथे घ्यावी. कार्यालय नावे-पत्ते सरसकट देईलच असे नाही, पण निमंत्रण पोचवायला मदत करू शकते. उरलेले काम वॉर्डावॉर्डात फिरून होते. प्रत्येक माजी सैनिकाचे नाव, हुद्दा, दल, पलटण, सेवेची वर्षे आणि चालता येते की नाही, एवढी माहिती एका कागदावर घ्यावी. हे काम नववी-अकरावीच्या विद्यार्थ्यांना दिले तर ते चांगले करतात. फक्त त्यांना आधी सांगून ठेवावे की 'तुम्ही किती शत्रू मारले' हा प्रश्न विचारायचा नाही. कुठे होता, थंडी किती होती, पत्र यायला किती दिवस लागत, असे विचारले की म्हातारा फौजी आपोआप बोलता होतो.

कोणाला माजी सैनिक म्हणायचे यावरून गावात हमखास वाद होतो. केंद्र सरकारच्या व्याख्येत स्थलसेना, नौदल आणि वायुदलातून ठरावीक अटींवर निवृत्त झालेले लोक येतात. सीमा सुरक्षा दल (बीएसएफ), सीआरपीएफ यांसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे निवृत्त जवान त्या व्याख्येत बसत नाहीत. चार वर्षांची सेवा करून परतणाऱ्या अग्निवीरांनाही योजनेच्या मूळ अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जा नाही. ही व्याख्या पेन्शन, आरक्षण आणि वैद्यकीय सवलतींसाठी केलेली आहे, गावच्या फेरीसाठी नव्हे. सीमेवर वीस वर्षे काढलेल्या बीएसएफच्या माणसाला व्याख्या दाखवून घरी बसवणे हा अडाणीपणा ठरेल. त्याला फेरीत स्थान द्यावे, फलकावर त्याच्या दलाचे नाव बरोबर लिहावे, म्हणजे कोणाचीच तक्रार राहत नाही.

याउलट खोटा फौजी हीही खरी अडचण आहे. संशय असेल तेव्हा चारचौघांत चौकशी न करता सर्वांकडूनच ओळखपत्राची किंवा डिस्चार्ज बुकाची प्रत घ्यावी. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणी दुखावत नाही.

नाव लिहिण्याची रीत ठरलेली आहे. हुद्दा आधी, मग नाव आणि शेवटी कंसात 'निवृत्त'. माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही, असे लष्करात मानतात. 'निवृत्त सुभेदार अमुक' असे न लिहिता 'सुभेदार अमुक (निवृत्त)' असे लिहावे. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांना पलटणीत 'साहेब' म्हटले जाते. सूत्रसंचालकाने तोच मान ठेवला तर त्या माणसाला गावात पहिल्यांदाच आपल्या हुद्द्याने हाक ऐकू येईल.

दिवस आणि वेळ

चौदा जानेवारीची अडचण उघड आहे, त्याच दिवशी बहुधा संक्रांत असते. घरोघरी तिळगुळाची गडबड, सवाष्णींची वाणे, मुलांचे पतंग. शिवाय जानेवारीत कापसाची वेचणी आणि संत्र्याची तोड चालू असते, मजूर सकाळी लवकर शेतावर निघून जातात. म्हणून फेरी चौदालाच काढायची की आधीच्या रविवारी, हे माजी सैनिकांना विचारून ठरवावे. त्यांच्यातले जे नागपूरला किंवा बोरगावच्या कारखान्यांत सुरक्षारक्षकाची नोकरी करत असतील, त्यांना रविवारचीही सुट्टी मिळेलच असे नाही. ड्यूटी बदलून घ्यायला त्यांना दोन आठवडे तरी आधी तारीख कळली पाहिजे.

दुसरे दिवसही आहेत. 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन 1949 पासून पाळला जातो. 16 डिसेंबर हा 1971 च्या विजयाचा दिवस, त्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानच्या सुमारे 93,000 जणांनी शरणागती पत्करली. 26 जुलै हा कारगिल विजय दिन. जुलैत पाऊस आणि शेतीची कामे, त्यामुळे वृद्धांच्या फेरीला तो दिवस गैरसोयीचा. डिसेंबर सर्वांत बरा. ध्वज दिनाच्या निमित्ताने फेरीत निधी गोळा करायचा असेल तर तो सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच करावा. कोणाच्याही खासगी डब्यात पैसे जाऊ देऊ नयेत.

वेळ सकाळी नऊच्या आसपास असावी. त्याआधी थंडी बाधते आणि अकरानंतर ऊन लागू लागते. आठवडी बाजाराचा दिवस टाळलेला बरा.

परवानगीबाबत थोडक्यात सांगायचे तर अर्ज अनुविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे एसडीएमकडे, हिंदीत करावा आणि त्याच्या प्रती पोलीस ठाण्यात व नगर परिषदेत द्याव्यात. मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, वाहने आणि जबाबदार व्यक्तीचे नाव अर्जात असावे. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी लागते. मध्य प्रदेशात 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियम लागू आहे आणि केंद्राच्या 2000 च्या नियमांनुसार रुग्णालय, शाळा व न्यायालयाभोवती शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र मानता येतो. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर आधीच विचारून घ्यावे.

चाल कोणाची

सन्मानफेरी बहुतेक वेळा चालीपाशी बिघडते. पुढे बँड असतो, मागे शाळेची पोरे असतात आणि मधले म्हातारे एकतर धापा टाकत असतात किंवा मागे पडलेले असतात. लष्करी 'तेज चल'ची गती मिनिटाला सुमारे 120 पावले आणि प्रत्येक पाऊल सुमारे 75 सेंटिमीटर असते. म्हणजे मिनिटाला 90 मीटर, तासाला पाच किलोमीटरहून जास्त. विशीतल्या रंगरुटाला ही चाल सहज जमते. 1971 च्या लढाईत वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. त्याला या गतीने एक किलोमीटर नेणे म्हणजे त्याचा सन्मान नव्हे.

यावर उपाय सोपा आहे. संपूर्ण मार्ग साध्या, सावकाश चालीने पार करावा आणि 'तेज चल' फक्त सलामी मंचाजवळच्या शेवटच्या शंभर मीटरपुरती ठेवावी. ते अंतर मिनिटाहून थोड्या जास्त वेळात संपते आणि तेवढ्यासाठी जुन्या माणसांच्या अंगात वीज येते. मार्ग एक किलोमीटरच्या आत असावा आणि गावातल्या रस्त्यांवरूनच जावा. नागपूर-छिंदवाडा महामार्गावर फेरी नेण्याचा मोह टाळावा, कारण तिथल्या ट्रकांच्या वाहतुकीत म्हाताऱ्या माणसांना उभे करणे धोक्याचे आहे. दर दोनशे मीटरवर रस्त्याकडेला चार-पाच खुर्च्या आणि पाणी असावे. खुर्चीत बसलेला माजी सैनिक फेरीतून बाहेर पडला असे कोणी समजू नये, फेरीने त्याच्यासाठी थांबावे. थांबायला बँडवाला तयार नसेल तर बँड बदलावा.

चालणे अजिबात शक्य नसलेल्यांसाठी उघडी जीप किंवा मोठी मोटार घ्यावी. ट्रॅक्टरची ट्रॉली गावात सहज मिळते, पण तिच्यावर चढण्या-उतरण्यातच अपघात होतात, म्हणून ती नको. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या सैनिकाला शेवटी न ठेवता पुढे ठेवावे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले आणि 1972 साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चाकांच्या खुर्चीतला सैनिक फेरीच्या शोभेत उणेपणा आणतो, असे वाटणाऱ्या संयोजकाला हे नाव सांगावे.

क्रम साधारण असा बसतो. सर्वांत पुढे राष्ट्रध्वज आणि त्याच्या दोन बाजूंना दोन रक्षक. मागोमाग वीरगती मिळालेल्या सैनिकांच्या तसबिरी घेतलेले त्यांचे कुटुंबीय आणि वीर नारी. मग वयोवृद्धांचे वाहन आणि त्यानंतर पायी चालणारे माजी सैनिक, तीन-तीनच्या ओळीत. संख्या कमी असेल तर दोन-दोनच्या ओळी कराव्यात. नऊ माणसांच्या तीन ओळी नीट दिसतात, सातांच्या फसतात. निमलष्करी दलांचे निवृत्त जवान त्यांच्या पाठीशी. एनसीसी, स्काउट-गाइड आणि शाळा शेवटी. नेते, पदाधिकारी आणि देणगीदार यांची जागा फेरीत नाही, मंचासमोरच्या खुर्च्यांत आहे. हा मुद्दा पहिल्याच बैठकीत पक्का करून घ्यावा, नंतर तो कोणाला सांगता येत नाही.

संचलनाचा प्रमुख कोण, हे माजी सैनिकांनी आपसांत ठरवावे. ते हुद्दा आणि ज्येष्ठता पाहून दोन मिनिटांत ठरवतात. गावची समिती त्यात पडली की दोन तास जातात. आज्ञा हिंदीतच द्याव्यात, कारण सर्व पलटणींची ती सामायिक भाषा आहे. 'सावधान', 'तेज चल', 'दाहिने देख', 'सामने देख', 'थम' एवढ्या पुरतात. सलामी मंच चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला येईल अशा बाजूला उभारावा. तो डावीकडे आला तर ऐनवेळी 'बाएँ देख' द्यावे लागते आणि गोंधळ होतो. 'दाहिने देख' झाल्यावर उजव्या टोकाचा माणूस समोरच पाहत राहतो, ओळ सरळ ठेवण्याची जबाबदारी त्याची असते. त्या जागी दृष्टी चांगली असलेला माणूस निवडावा. एक रंगीत तालीम आदल्या संध्याकाळी पुरे. जास्त तालमींनी गुडघे दुखतात, शिस्त वाढत नाही.

पोशाख आणि पदके

माजी सैनिकांनी गडद ब्लेझर, पलटणीचा टाय आणि टोपी किंवा पगडी घालण्याची पद्धत शहरांत रूढ आहे. प्रत्येकाकडे ब्लेझर असेलच असे नाही आणि त्यासाठी खर्च करायला लावू नये. पांढरा शर्ट, गडद पँट, स्वच्छ बूट आणि छातीवर पदके एवढ्याने ओळ एकसारखी दिसते. जो धोतर-टोपीतच येतो त्याला तसेच येऊ द्यावे. डोक्यावर काही नसेल तर लष्करी रीतीप्रमाणे हाताने सॅल्यूट न करता सावधान उभे राहतात.

लढाऊ गणवेश कोणीही घालू नये. गावातल्या तरुणांनी आणि शाळकरी मुलांनी हौसेने सैनिकी ठिपक्यांचे कपडे घालून पुढे चालणे, हे तिरंगा यात्रांत सर्रास दिसते. आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने सैनिकाचा पेहराव करणे किंवा खूण बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलांच्या हौसेवर कोणी खटला भरणार नाही, पण खऱ्या फौजीशेजारी नकली गणवेश शोभत नाही, हेच कारण पुरेसे आहे. रजेवर आलेल्या सेवेतल्या जवानाने साध्या कपड्यांत यावे.

पदके डाव्या छातीवर लावतात. सर्वांत मानाचे पदक छातीच्या मध्याकडे आणि पुढची क्रमाने डाव्या खांद्याकडे. खेड्यातल्या घरांत पदके बऱ्याचदा लोखंडी पेटीच्या तळाशी, फडक्यात बांधलेली सापडतात आणि कोणते कशाचे, हे घरच्यांना ठाऊक नसते. 1971 च्या युद्धाशी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही पदके जोडलेली आहेत, 1965 शी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, तर कारगिलशी ऑपरेशन विजयची पदके. पदकाच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. आजोबांचे पदक कोणते आणि चुलत आजोबांचे कोणते, असा प्रश्न भावकीत पडला तर भिंग घेऊन कड वाचावी. फीत विटली असेल तर ती बदलून घ्यावी. पदक चिंच लावून घासू नये, कोरलेली अक्षरे झिजतात.

सैनिक हयात नसेल तर त्याची पदके लावून कुटुंबीयांनी यावे की नाही, हा प्रश्न हमखास येतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 25 एप्रिलच्या अँझॅक दिनाच्या संचलनात नातवंडे-पतवंडे आजोबांची पदके उजव्या छातीवर लावून चालतात. भारतीय लष्करानेही युद्धस्मारकावरील मानवंदना, दफनभूमी आणि अंत्यविधी अशा प्रसंगी मृत सैनिकाच्या जवळच्या नातेवाइकांना पदके उजव्या छातीवर लावण्याची मुभा दिली आहे. डावी बाजू ज्याने मिळवले त्याची, उजवी वारसाची, असा हा संकेत आहे. फेरीत श्रद्धांजलीचा भाग असेल तर त्याच वेळी ती लावावीत. एरवी पदके मखमलीवर मांडून तसबिरीसोबत हातात धरणे उत्तम दिसते आणि त्यावर कोणाला आक्षेपही घेता येत नाही.

ध्वज

भारतीय ध्वजसंहिता 2002 आणि राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानास प्रतिबंध करणारा 1971 चा कायदा या दोन गोष्टी ध्वजाच्या वापराला लागू आहेत. फेरीत ध्वज दुसऱ्या एका ध्वजासोबत असेल तर तो चालणाऱ्यांच्या उजव्या बाजूला असतो. इतर ध्वजांची ओळ असेल तर राष्ट्रध्वज त्या ओळीच्या मध्याच्या पुढे. दुसरा कोणताही झेंडा त्याच्याहून उंच नसावा. धार्मिक किंवा पक्षाचे झेंडे तर या फेरीत नकोतच. वाहनाच्या बॉनेटवर, टपावर किंवा बाजूंवर ध्वज पसरणे संहितेला मान्य नाही, आणि नेमकी हीच चूक जीप सजवताना होते. जीपला झेंडूच्या माळा पुरेत.

शंभर-दोनशे फूट लांब तिरंगी कापड हातात धरून नेण्याची टूम अलीकडे सगळीकडे पसरली आहे. राष्ट्रध्वजाची लांबी आणि उंची यांचे प्रमाण 3:2 ठरलेले आहे, त्यात हे कापड बसत नाही. शिवाय ते सांभाळण्यात पन्नास माणसे गुंततात आणि वळणावर ते जमिनीला टेकते. प्रमाणात शिवलेला एक ध्वज, तो नीट धरणारा एक माणूस, एवढे पुरे. डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर विणलेला आणि पॉलिस्टरचा ध्वजही चालतो.

मुलांच्या हातात कागदी झेंडे द्यावेत, प्लास्टिकचे नकोत. फेरी संपल्यावर ते परत गोळा करण्यासाठी दोन विद्यार्थी पोते घेऊन शेवटी चालावेत. रस्त्यात पडलेले झेंडे दुसऱ्या दिवशी गटारात दिसतात, ही दरवर्षीची तक्रार त्यामुळे मिटते. रस्त्यावर तिरंगी रांगोळी काढू नये, कारण पुढच्या क्षणी तिच्यावरून सगळे चालत जातात. फुलांच्या पाकळ्या उधळायच्या तर कडेला. डांबरी रस्त्यावर पडलेला झेंडू पायाखाली आला की काठी टेकत चालणारा माणूस घसरतो.

फेरी पाहणाऱ्यांनाही काम आहे. ध्वज समोरून जाताना उठून उभे राहावे, तोंड ध्वजाकडे असावे आणि ध्वज पुढे जाईपर्यंत सावधान राहावे. ओळीत घुसून सेल्फी घेणाऱ्याला स्वयंसेवकाने हाताला धरून बाजूला करावे.

आवाज, फटाके आणि औक्षण

डीजे नको. त्यामागे केवळ कायदा नाही. तोफखान्यात किंवा रणगाड्यावर नोकरी केलेल्या कित्येकांचे कान अधू झालेले असतात आणि अचानक झालेल्या स्फोटाच्या आवाजाने काहींना जुने प्रसंग आठवून घाम फुटतो. स्वागताची लड लावणाऱ्याला हे कळत नाही, म्हणून फटाके लावायचे नाहीत हे आधीच दवंडी देऊन सांगावे. शाळेचा बँड असेल तर उत्तम, नसेल तर एक ढोल आणि एक बिगूल पुरे. राष्ट्रगीत चालताना कधीच वाजवू नये. सर्व जण थांबल्यावर, शेवटी, पूर्ण 52 सेकंदांचे एकदाच म्हणावे.

औक्षणाबाबत जरा जपूनच वागावे लागते. दारोदारी सुवासिनी आरती घेऊन उभ्या राहतात, फौजींना ओवाळतात, संक्रांतीच्या दिवसांत तर हौसेने तिळगुळही देतात. त्याच वेळी फेरीत चालणारी सैनिकाची विधवा बाजूला उभी राहते आणि तिला ओवाळायचे की नाही, या विचाराने बायकांचे हात अडखळतात. ज्या फेरीत तिच्या नवऱ्याचे नाव फलकावर आहे, त्या फेरीत हा प्रसंग तिच्यावर येऊ देणे ही संयोजकांची चूक ठरते. उपाय म्हणजे पहिले औक्षण वीर मातेच्या किंवा वीर नारीच्या हातून करून घ्यावे आणि पहिला तिळगूळ तिलाच द्यावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. त्याच तालुक्यात सैनिकांसाठी नावाजलेले सैनिक टाकळी हे गाव आहे. ठरावाची वाट न पाहता हे लोधीखेड्यातही करता येते.

मंचावर

मंचावरचा कार्यक्रम पाऊण तासाहून लांबू नये. माजी सैनिक वेळेवर येतात, मुख्य अतिथी येत नाहीत. पाहुणे पोचले नाहीत तरी ठरल्या वेळी फेरी निघेल, हे निमंत्रणपत्रातच लिहावे. सत्कारासाठी वृद्धांना पायऱ्या चढायला लावण्यापेक्षा पाहुण्यांनी खाली उतरून त्यांच्या खुर्चीजवळ जावे. शाल-श्रीफळ ठीकच, पण स्मृतिचिन्ह म्हणून प्लास्टिकची ढाल देण्यापेक्षा घरात वापरता येईल असे काही द्यावे. लोधीखेडा एके काळी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. नाव आणि पलटण कोरलेला तांब्या त्या गावच्या सत्काराला अधिक शोभेल.

भाषणे दोनच ठेवावीत, त्यातले एक माजी सैनिकाचे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या गावच्या 46 जवानांचे स्मारक आहे आणि गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी पडले आहे. तिथे सैनिकांविषयी कोणी भाषण केले नाही तरी चालते. इतर गावांत मात्र नावे मोठ्याने वाचली तरच ती लोकांच्या कानांवर पडतात. त्यामुळे भाषणाचा वेळ कमी करून हयात आणि दिवंगत अशा सर्व सैनिकांची नावे हुद्दा व पलटणीसह सावकाश वाचावीत. कोणाच्या तैनातीची किंवा तुकडीची ताजी माहिती मात्र मंचावरून सांगू नये आणि मोबाइलवरही टाकू नये.

कार्यक्रमस्थळी एका टेबलावर कागदपत्रांची मदत ठेवली तर फेरीचा उपयोग दुप्पट होतो. पेन्शनचे जीवन प्रमाणपत्र, 'स्पर्श' या पेन्शन प्रणालीतल्या नोंदी, ईसीएचएस या वैद्यकीय योजनेचे कार्ड आणि विधवांच्या पेन्शनमधल्या नावांच्या चुका, या गोष्टींसाठी वृद्धांना छिंदवाडा किंवा नागपूर गाठावे लागते. सैनिक कल्याण कार्यालयाचा एखादा कर्मचारी दोन तास आला आणि गावातला एखादा संगणक जाणणारा तरुण त्याच्याजवळ बसला, तरी बरीच कामे मार्गी लागतात. रक्तदाब तपासण्यासाठी आरोग्य केंद्राची परिचारिका आणि एक रुग्णवाहिका फेरीच्या मागे असावी, हे वेगळे सांगायला नको.

फेरीनंतर आठवडाभरात सुधारलेली यादी सैनिक कल्याण कार्यालयाला आणि नगर परिषदेला द्यावी. ज्या घरातला सैनिक आता हयात नाही, त्या घराने फेरीच्या सकाळची वाट न पाहता नाव, सैनिक क्रमांक, पलटण आणि एक छायाचित्र संयोजकांकडे आधीच पोचवावे. पेटीतली पदके आणि डिस्चार्ज बुक बाहेर काढायला त्यासाठी या आठवड्यातलीच एखादी संध्याकाळ ठरवावी.